खोकला कधीपासून आहे? फार्मसीच्या मुलांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

या वेळी पत्रं एवढी आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नव्हतं, मग सरळ नऊ निवडली. बहुतेक फार्मसीच्या मुलामुलींची आहेत, शेवटचं एका आईचं आहे. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही. आणि आधीच सांगून ठेवते, हे वाचून कुणी आपली चालू गोळी बंद करू नका की डोस बदलू नका, डॉक्टरांशी नाहीतर फार्मासिस्टशी समोरासमोर बोला, मला इथून तुमची फाईल दिसत नाही.

प्रश्न: मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येक औषधाखाली साईड इफेक्टची यादी असते आणि सगळ्या याद्या सेमच वाटतात, मळमळ, डोकेदुखी, चक्कर, पुरळ. व्हायवाला पार गोंधळ उडतो. लक्षात ठेवायची काही ट्रिक आहे का?

उत्तर: ट्रिक आहे पण तुला आवडणार नाही. यादी पाठ करणं सोड. औषध काम कसं करतं ते नीट कळलं की निम्म्याहून जास्त साईड इफेक्ट तुझे तुला सांगता येतात, कारण ते त्या कामाचंच जास्त झालेलं रूप असतं. बीटा ब्लॉकर नाडी कमी करतो, जास्त झाला की नाडी फारच कमी. इन्सुलिन साखर उतरवतं, जास्त झालं की साखर फारच उतरते. अँटिकोलिनर्जिक (म्हणजे अॅसिटिलकोलिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाला अडवणारं औषध) म्हटलं की तोंडाला कोरड, धूसर दिसणं, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं आणि वय झालेल्या माणसाला भ्रम, आता या काय पाच वेगळ्या गोष्टी आहेत का, एकच गोष्ट पाच ठिकाणी दिसतेय. याला टाईप ए म्हणतात, डोस वाढवला की वाढतं, कमी केला की कमी होतं. टाईप बी म्हणजे औषधाच्या कामावरून ज्याचा अंदाजच येत नाही असं, पेनिसिलिनची अॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अॅलर्जी, किंवा कार्बामॅझेपिन या फिटांवरच्या औषधाने होणारा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, ज्यात कातडी सोलून निघते. ही ए-बी वाटणी रॉलिन्स आणि थॉम्पसन यांची, १९७७ ची. आता बी मधलंही थोडंफार आधी कळायला लागलंय, एचएलए-बी १५०२ हा जीनचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांना कार्बामॅझेपिनचा तो धोका कितीतरी जास्त असतो, म्हणून काही गटांमध्ये औषध सुरू करायच्या आधीच टेस्ट करतात.

दुसरं, औषधासोबतच्या पत्रकात ‘कॉमन’ आणि ‘रेअर’ असे शब्द असतात ना, ते उगाच टाकलेले नसतात, त्यांना आकडे आहेत. व्हेरी कॉमन म्हणजे १० जणांत १ किंवा जास्त, कॉमन म्हणजे १०० त १ ते १० त १, अनकॉमन १,००० त १ पासून, रेअर १०,००० त १ पासून, आणि व्हेरी रेअर त्याच्याही खाली. यादी वाचताना हे आकडे बाजूला लिहीत जा, मग सगळं सेम वाटणार नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी कुठल्याच यादीत नसते. कधीपासून? समज एक बाई काउंटरला येते, कोरडा खोकला आहे, सिरप द्या म्हणते. तू सिरप देऊ शकतेस. किंवा विचारू शकतेस की खोकला कधीपासून आहे आणि त्याच्या आधी कुठली नवीन गोळी सुरू झाली होती का. ती म्हणेल, तीन आठवडे झाले, आणि हो, त्याच्या थोडं आधी बीपीची गोळी बदलली. गोळीचं नाव रामिप्रिल निघालं की तुझा खोकला सापडला. रामिप्रिल ज्या गटातलं आहे ते एसीई इनहिबिटर शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडू देत नाहीत, ते साठतं आणि कोरडी ढास लागते, कधी दिवसांत कधी महिन्यांनी सुरू होते. सिरपने ती जात नाही, डॉक्टरांनी गोळी बदलली की जाते, तीही लगेच नाही, बहुतेकांची महिन्याभरात, काहींना तीन महिने लागतात, हेही पेशंटला सांगावं लागतं नाहीतर तो म्हणतो गोळी बदलली तरी काही फरक नाही.

न विचारता सिरप दिलं असतं तर औषधाच्या त्रासावर दुसरं औषध. बीपीच्या अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज आली, त्यावर लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, त्याने युरिक अॅसिड वाढलं, त्यावर ते कमी करणारं अॅलोप्युरिनॉल, आणि माणूस म्हणतो मला तीन आजार आहेत. याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात, रोशन आणि गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये ते नीट मांडलं. व्हायवाला हे सांगितलंस तर परीक्षक यादी विचारायची विसरतील, बघ.

प्रश्न: मी सध्या इंटर्नशिप करतोय. परवा एका चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम रोज एक असं होतं, पेशंटला संधिवात. मला खटकलं पण डॉक्टर एवढे सीनियर, मी कोण विचारणारा. आमच्या सरांना दाखवली, त्यांनी फोन केला, आणि ती आठवड्यातून एकदाच होती. सर नसते तर मी काय केलं असतं हा विचार डोक्यातून जात नाहीये. फोनवर बोलायचं काय असतं?

उत्तर: अरे तुला खटकलं ना, मग अर्धं काम तिथेच झालं. बाकी अर्ध्यासाठी थोडं धाडस लागतं आणि ते सवयीने येतं.

आधी खटकलं ते का बरोबर होतं ते बघू. मेथोट्रेक्सेट फोलेटचा, म्हणजे नवीन पेशी बनायला लागणाऱ्या एका बी व्हिटॅमिनचा, रस्ता अडवतं, त्यामुळे ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना पहिला फटका, म्हणजे तोंडातलं अस्तर, आतडं, अस्थिमज्जा. संधिवातात डोस साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आठवड्याला, आणि बहुतेकदा सोबत फॉलिक अॅसिड, ते सहसा वेगळ्या दिवशी. तोच डोस रोज गेला तर आधी तोंड येतं, मग रक्तातल्या पेशी खाली येतात, मग ताप, इन्फेक्शन, आणि माणसं यात गेलेली आहेत. त्यामुळे कुणी ‘तोंड आलंय, जेल द्या’ म्हणून आलं तर जेलच्या आधी विचार, बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि तोंड कधीपासून आलंय. आणि मेथोट्रेक्सेटवरच्या पेशंटला ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक, म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल वगैरे, आलं तर तिथेही थांब, दोघंही फोलेटवरच बसतात. काही कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट सलग दिवस देतात, म्हणून कॉम्प्युटर दर वेळी ओरडेल या भरवशावर राहू नको.

माझं सांगते. नोकरीला दोन वर्षं झाली होती, म्हणजे स्वतःला बरंच काही येतं असं वाटायचे दिवस. चिठ्ठी अगदी बरोबर होती, आठवड्यातून एकदा. मी लेबल टाईप केलं, पण सॉफ्टवेअरमध्ये गोळी निवडली की ‘रोज एक’ आपोआप यायचं, ते बदलायचं राहिलं, मागे रांग होती, एकीकडे फोन वाजत होता, नेहमीचंच. पाकीट हातात दिलं आणि ते आजोबा लेबल डोळ्याजवळ धरून म्हणाले, मॅडम, मागच्या वेळी ही रविवारची होती ना? मला अजून ते पाकीट दिसतं. त्या दिवशी चूक मी पकडली नाही, डबल चेकने पकडली नाही, चष्मा न आणलेल्या पेशंटने पकडली. तेव्हापासून मेथोट्रेक्सेटवर मी वार लिहिते, कशासाठी आहे ते लिहिते, आणि पेशंटलाच विचारते, आता तुम्ही मला सांगा, ही कधी घ्यायची. त्याने ‘रोज’ म्हटलं की लेबल कितीही बरोबर असलं तरी उपयोग नाही.

आता फोन. ‘तुमची चूक झालीये’ असं कधीच सुरू करायचं नाही, आणि ‘सॉरी डिस्टर्ब केलं, म्हणजे मला वाटतं, कदाचित’ असंही नाही. सरळ: ‘डॉक्टर, फार्मसीतून बोलतोय. तुमचे अमुक पेशंट, संधिवात, मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम रोज असं लिहिलंय. संधिवातात हे आठवड्यातून एकदा देतात म्हणून द्यायच्या आधी खात्री करून घेतोय. आठवड्यातून एकदा करू का?’ चार वाक्यं झाली. समोरून उत्तर आलं की ते परत म्हणून दाखवायचं, आणि वेळ, कोण बोललं, काय बदललं हे लिहून ठेवायचं.

रागावतात कधीकधी, मीही ऐकून घेतलंय. फोन लागलाच नाही तर द्यायची नाही, पेशंटला थांबायचं कारण सांगायचं आणि परत परत लावायचा. आठवड्याची गोळी एक दिवस उशिरा गेली तर काही बिघडत नाही.

प्रश्न: आमच्या सरांनी डोस लिहिताना ‘५.० मिलिग्रॅम’ लिहिलं म्हणून अर्धा मार्क कापला. गणितात तर ५ आणि ५.० एकच ना?

उत्तर: गणितात एकच, चिठ्ठीवर नाही. टिंब पुसट झालं, फॅक्समध्ये उडालं, कागदाची घडी नेमकी त्याच्यावर आली, की ५० वाचलं जातं, दहापट डोस. तसंच उलटं, ‘.५’ लिहिलं आणि टिंब गेलं की ५. म्हणून पूर्णांकानंतर टिंब-शून्य नाही आणि अपूर्णांकात टिंबाच्या आधी शून्य हवंच, ०.५. इन्सुलिनच्या युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहायचं नाही हाही त्याच घरातला नियम, १० च्या पुढे घाईत काढलेला यू शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. मायक्रोग्रॅमसाठीचं ते ग्रीक चिन्ह हाताने काढलं की मिलिग्रॅम वाटतं, म्हणजे हजारपट, तेव्हा तो शब्द पूर्ण लिही. लहान मुलांच्या डोसमध्ये दहापटीच्या चुका जास्त दिसतात कारण तिथे वजनावरून हिशोब करायचा असतो आणि एका बाटलीत दहा बाळांना पुरेल एवढं औषध असतं, मोठ्या माणसाच्या दहापट डोसला दहा गोळ्या लागतात, तिथे निदान हात तरी थांबतो. सरांनी अर्धाच कापला, मी एक कापला असता.

प्रश्न: पॅरासिटामॉल एवढं सेफ आहे की सगळीकडे बिनचिठ्ठीचं मिळतं, मग विषबाधेच्या धड्यात ते पहिलं का?

उत्तर: कारण ते सेफ आहे तोपर्यंत फार सेफ आहे, आणि ती रेघ ओलांडायला फार काही करावं लागत नाही. मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा, वजन कमी असेल, खाणं नीट नसेल, दारू रोजची असेल तर त्याहून कमी. नेहमीच्या डोसमध्ये बहुतेक पॅरासिटामॉल लिव्हर सरळ बांधून बाहेर टाकतं, थोडंसंच एनएपीक्यूआय नावाच्या विषारी पदार्थात बदलतं आणि त्याला लिव्हरमधलं ग्लुटाथायोन हे संरक्षक रसायन गप्प करतं. डोस वाढला की ग्लुटाथायोन संपतं आणि मग ते विष थेट लिव्हरच्या पेशींना चिकटतं.

आता ही रेघ लोक मुद्दाम ओलांडतात असं समजू नको. अंग दुखतंय म्हणून ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा, झाले २,६००. सर्दीची दुसरी गोळी दिवसातून तीन वेळा, तिच्यातही ५०० आहे हे नावावरून कळत नाही, झाले १,५००. बेरीज ४,१००. वर रात्री ताप वाटला म्हणून आणखी एक. माणूस म्हणतो मी तर दोन वेगळी औषधं घेतली. म्हणून काउंटरला ब्रँडची नावं विचारून भागत नाही, स्ट्रिप उलटी करून आतलं काय ते वाचायचं.

आणि फसवं काय आहे तर पहिला दिवस बरा जातो. थोडी मळमळ, नाहीतर तेही नाही, लिव्हरचं खरं नुकसान तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसतं. उतारा आहे, एन-अॅसिटिलसिस्टीन, आठ तासांच्या आत दिला तर जवळजवळ पूर्ण वाचवतो, नंतरही देतात पण तेवढा भरवसा नसतो. म्हणजे ‘जास्त गोळ्या झाल्या पण आता ठीक वाटतंय’ असा फोन आला तर ठीक वाटण्याला काही अर्थ नाही, लगेच हॉस्पिटल. पहिला प्रश्न परत तोच, किती वाजता घेतल्या.

प्रश्न: पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर सेफॅलोस्पोरिन चालतं का? एका पुस्तकात १० टक्के क्रॉस रिअॅक्शन लिहिलंय, दुसऱ्यात २ टक्के.

उत्तर: क्रॉस रिअॅक्शन म्हणजे एका औषधाची अॅलर्जी त्याच्या भावंड औषधालाही लागू होणं, आणि दोन टक्केवालं पुस्तक नवीन आहे. जुना १० टक्क्यांचा आकडा त्या काळचा जेव्हा सुरुवातीच्या सेफॅलोस्पोरिनमध्ये पेनिसिलिनचे अंश मिसळलेले असायचे. आता आपण बघतो ती साईड चेन, म्हणजे औषधाच्या रेणूला जोडलेली शेपटी. अॅमॉक्सिसिलिन आणि सेफॅड्रॉक्सिल यांची साईड चेन एकच, तिथे जपायचं, सेफॅझोलिनची कुणाशीच जुळत नाही.

पण त्याच्याही आधी अॅलर्जी खरी आहे का ते बघ. साधारण १० टक्के लोकांच्या फाईलवर पेनिसिलिन अॅलर्जी लिहिलेलं असतं आणि टेस्ट केली की त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांना काहीच होत नाही. कुणाला जुलाब झाले होते, कुणाला लहानपणी व्हायरसच्या तापात पुरळ आलं होतं, कुणाला ‘आई सांगायची’ एवढंच माहीत असतं. म्हणून नुसतं ‘अॅलर्जी आहे का’ विचारू नको. नेमकं काय झालं, गोळी घेतल्यावर किती वेळाने, किती वर्षांपूर्वी, त्यानंतर कधी अॅमॉक्सिसिलिन घेतलंय का. तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर ती गंभीर गोष्ट, तिथे आपण प्रयोग करायचे नाहीत, डॉक्टर ठरवतील. पण फाईलवर जुलाबाला अॅलर्जी लिहून ठेवलं तर तो माणूस जन्मभर दुय्यम अँटिबायोटिकवर जातो.

प्रश्न: रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणजे किडनी नॉर्मल, मग डोस का बदलायचा?

उत्तर: क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, आणि किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज त्यावरून काढतात. हे कागदावर करूनच बघ. कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र, १९७६ चं, अजूनही बऱ्याच औषधांचा डोस त्यावरच ठरतो. (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), बाई असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणायचं.

एक २५ वर्षांचा मुलगा, ७० किलो, क्रिएटिनिन १. १४० वजा २५, ११५, गुणिले ७०, भागिले ७२, आले मिनिटाला ११२ मिलिलिटरच्या आसपास. आता ८२ वर्षांच्या आजी, ४५ किलो, क्रिएटिनिन तेवढंच, १. १४० वजा ८२, ५८, गुणिले ४५ म्हणजे २,६१०, भागिले ७२ म्हणजे सव्वाछत्तीस, गुणिले ०.८५, आले ३१ सुद्धा नाहीत. रिपोर्टवर दोघांच्या पुढे ‘नॉर्मल’, आणि आजींची किडनी त्या मुलाच्या साधारण पावपट काम करतेय. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आजींच्या अंगात स्नायूच उरले नाहीत तर ते वाढणार कुठून.

आता या आजींना डिगॉक्सिन, गॅबापेंटिन, एनॉक्सापॅरिन यातलं काहीही तरुण माणसाच्या डोसने दिलं तर ते साठत जाणार. एनॉक्सापॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, उपचाराच्या डोसातलं, ३० च्या खाली निम्म्यावर आणतात आणि आजी त्या रेघेवरच उभ्या आहेत. त्यात कुणीतरी गुडघ्यासाठी आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक सुरू केलं, बीपीसाठी एसीई इनहिबिटर आधीच आहे, सुजेसाठी डाययुरेटिक म्हणजे लघवी वाढवणारी गोळी आहे, तर हे तिघं मिळून किडनीला बसवतात, त्याला ट्रिपल व्हॅमी म्हणतात. आजी आठवड्याने ‘सुस्त’ झाल्या की सगळे म्हणतात वय झालं. वय तर महिन्याभरापूर्वीही ८२ च होतं.

प्रश्न: गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून दिली तर चालते का?

उत्तर: काही चालतात, पण एसआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरं मागे असली की आधी थांबायचं, दिवसभर हळूहळू सुटायचा डोस एकदम सुटतो, मॉर्फिनसारख्या औषधात तो जीवावर बेततो. आणि नुसत्या अक्षरांवर जाऊ नको, काहींना ती नसतात. वरचं कव्हर पोटातल्या अॅसिडपासून वाचवण्यासाठी असेल तर कुटलं की औषधच वाया. कॅन्सरच्या गोळ्या कुटल्या तर धूळ घरच्यांच्या श्वासात जाते. विचारायचं ते हे की याचं लिक्विड किंवा पाण्यात विरघळणारं काही आहे का, बहुतेकदा असतं.

प्रश्न: औषध बाजारात यायच्या आधी एवढ्या ट्रायल होतात, मग नंतर नवीन साईड इफेक्ट कसे सापडतात? ट्रायलमध्ये लपवतात का?

उत्तर: लपवल्याचेही प्रकार झालेत, पण लपवलं नाही तरी सापडणार नाहीत, याचं कारण साधं गणित आहे. एखादी गोष्ट १०,००० त एकाला होते. ती ट्रायलमध्ये निदान एकदा तरी दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी तर ३०,००० माणसं लागतात, तिप्पट. ट्रायल होते काही हजारांवर. वर ट्रायलमध्ये गरोदर बायका सहसा घेत नाहीत, खूप म्हातारे घेत नाहीत, आणि खऱ्या आयुष्यात तेच लोक एकदम सात गोळ्या घेत असतात.

टर्फेनाडिन बघ. अॅलर्जीची गोळी, झोप न आणणारी, सगळे खूश. शरीरात शिरली की सीवायपी३ए४ एन्झाईम तिला जवळजवळ पूर्ण फेक्सोफेनाडिनमध्ये बदलायचं, मूळ औषध रक्तात दिसायचंच नाही. पण कुणी सोबत केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलं की ते एन्झाईम बंद, मूळ औषध साठतं, आणि ते हृदयाची लय बिघडवतं. काही लोक दगावले, १९९० च्या दशकाच्या शेवटी ते औषध गेलं आणि आपण आता सरळ फेक्सोफेनाडिनच देतो. ग्रेपफ्रूटचा रस हेच एन्झाईम आतड्यात बंद पाडतो, आणि ते सापडलं तेही चुकून, दारू आणि फेलोडिपिन या बीपीच्या गोळीच्या अभ्यासात दारूची चव झाकायला तो रस वापरला होता आणि औषधाची पातळी भलतीच वर गेली, हे १९८९ मध्ये छापून आलं. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे बरं का, पपनसाचा भाऊबंद आहे, परीक्षेत दर वर्षी कुणीतरी द्राक्षाचा रस लिहितंच.

आणि थॅलिडोमाइड तर माहीत असेलच. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेची निरुपद्रवी गोळी म्हणून आली, गरोदर बायकांच्या उलट्यांवरही दिली गेली, जगभरात १०,००० हून जास्त बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा पुरेसा नाही म्हणत मंजुरी अडवून धरली. पण मला त्या गोष्टीत जास्त आवडतात ते दोन डॉक्टर, जर्मनीतले लेन्झ आणि ऑस्ट्रेलियातले मॅकब्राइड. दोघांनी वेगवेगळं तेच केलं, अशी बाळं जास्त का दिसतायत आणि या आयांनी गरोदरपणात काय घेतलं होतं, कधी घेतलं होतं, हे विचारलं. १९६१ च्या शेवटी औषध मागे घेतलं गेलं. त्यानंतर १९६४ मध्ये ब्रिटनचं यलो कार्ड, म्हणजे औषधांचे त्रास कळवायची योजना, आली, १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा तसाच कार्यक्रम, म्हणजे आज तू जो रिपोर्ट भरतोस त्याची सुरुवात तिथली. रिपोर्ट करायला खात्री लागत नाही, संशय पुरतो. फक्त त्यात तारखा भर, औषध कधी सुरू, त्रास कधी सुरू, बंद केल्यावर गेला का आणि कधी. ‘पुरळ आलं’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट वाचून कुणी काय करायचं.

प्रश्न: माझी मुलगी फार्मसी शिकते. मला कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, तिने हौसेने अख्खं पत्रक वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझे पाय दुखायला लागले. ती म्हणते हे मनाचं आहे. पाय माझे दुखतायत.

उत्तर: दुखणं खरं आहे ताई, ते मनाचं म्हणून खोटं होत नाही, आणि मुलीला सांगा असं पेशंटला कधी म्हणायचं नसतं. पण तिचा संशय अगदीच हवेतला नाही. स्टॅटिन म्हणजे तुमच्यासारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, त्यांच्या त्रासाने गोळी सोडलेल्या ६० लोकांवर सॅमसन नावाचा अभ्यास झाला, २०२० मध्ये आला. प्रत्येकाला बारा बाटल्या, महिन्याला एक, चारमध्ये स्टॅटिन, चारमध्ये साधी बिनऔषधाची गोळी, चार रिकाम्या. स्टॅटिनच्या महिन्यात जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीच्या महिन्यातही झाला. याला नोसिबो म्हणतात, त्रास होणार असं मनात बसलं की शरीर तो करून दाखवतं. त्यातल्या निम्म्या लोकांनी हे बघून गोळी परत सुरू केली.

तरी स्टॅटिनने स्नायूंना खरा त्रास होऊ शकतो, क्वचित गंभीरही, त्यामुळे अशक्तपणा वाटला, दुखणं वाढत गेलं किंवा लघवी गडद रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, आणि तसं नसलं तरी पुढच्या भेटीत सांगाच, एक साधी रक्ततपासणी असते. दुसरी कुठली नवीन गोळी, अँटिबायोटिक वगैरे, सोबत सुरू झालीय का तेही सांगा.

मुलीला म्हणावं, पत्रक वाचायचंच तर आकड्यासकट वाच, ‘१०० त इतक्यांना होतं, म्हणजे बाकीच्यांना होत नाही’ असं. आणि दोघी मिळून एक आठवून बघा, पाय गोळी सुरू केल्यावर दुखायला लागले, पत्रक वाचल्यावर, की त्याच्या आधीपासूनच थोडे दुखत होते.